दाराजवळचा बाक

४ ऑगस्ट

त्यांनी मला ओळखलं नाही.

हे पहिलं वाक्य म्हणून लिहायचं नव्हतं. ही वही देताना दादा म्हणाला होता, "पहिल्या पानावर काहीतरी चांगलं लिही. घरातली पहिली पदवीधर, पहिली मास्तरीण, असलं काहीतरी." तर तेही लिहिते. आज मी शिक्षिका म्हणून रुजू झाले. वर्ग चौथी ब, मुलं तेहेतीस. सहा महिने तात्पुरती नेमणूक. पुढे कायम करायचं की नाही, ते उपमुख्याध्यापिकांच्या शेऱ्यावर.

उपमुख्याध्यापिका म्हणजे मोठ्या बाई. मी या शाळेत शिकत होते तेव्हा त्या साध्या वर्गशिक्षिका होत्या, पण तेव्हाही सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणायचे. आता केस पांढरे झालेत, उजव्या गुडघ्याला पट्टा आहे आणि मेमध्ये निवृत्त होणार आहेत. माझा हाताने लिहिलेला अर्ज धरून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"अक्षर चांगलं आहे तुमचं. वर्ग सांभाळता येईल ना?"

मी म्हटलं, "हो बाई."

चौदा वर्षांनी घशातून तोच बारीक आवाज निघाला. घरी येईपर्यंत स्वतःवर चिडले होते.

५ ऑगस्ट

खोलीही तीच आहे. सोळा जोडबाक, आणि मागच्या दाराजवळ एक एकटा बाक, कारण तिथे भिंतीतला खांब पुढे आलाय आणि दोघांचा बाक मावत नाही. दाराची कडी तेव्हाही बसत नव्हती, आजही बसत नाही. वाऱ्याने दार उघडतं, बोळातून बाथरूमचा वास येतो, आणि आत-बाहेर करणारा प्रत्येक जण त्या बाकावरच्या मुलाला सांगतो, "ए, दार लाव."

मी इथे चौथीत होते तेव्हा 'आपले मदतनीस' असा धडा होता. मोठ्या बाईंनी एकेकाला उभं करून विचारलं, घरात कोण काय करतं. माझी पाळी आली.

"आई काय करते तुझी?"

"रुग्णालयात चादरी धुते, बाई."

"आजारी माणसांच्या?"

"हो बाई."

"आणि त्याच हातांनी तुझा डबा करते." वर्ग हसला. त्या हसल्या नाहीत, हे मला पक्कं आठवतं. शांतपणे म्हणाल्या, "तू जरा दाराजवळ बस. हवा खेळती राहील."

तिथून वर्षभर मी दाराजवळ बसले. मुलं मला 'चादर' म्हणायची. पाचवीत शाळा बदलली तरी नाव मागोमाग आलं.

आज मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाल्यावर त्या बाकावर बसून पाहिलं. गुडघे अडकले. वाकून खणात डोकं घातलं. फळीच्या खालच्या अंगाला मी तेव्हा कर्कटकाच्या टोकाने कोरलेलं अजून आहे: 'मोठ्या बाई, मी बघून घेईन.' 'बघून' फार खोल गेलंय. तिथे टोक मोडलं होतं.

मुलांना मी सूड हा शब्द शिकवणार नाही. पण इथे खोटं कशाला लिहायचं? मी या शाळेत अर्ज केला तो जवळ आहे म्हणून नाही.

१२ ऑगस्ट

हजेरीपट छापील आहे, पण शेवटचं, तेहेतिसावं नाव मागाहून हाताने घातलंय. अक्षर मोठ्या बाईंचं. लहानशी, चष्मा लावणारी, डावखुरी मुलगी. लिहिताना गुणगुणते. अक्षरं सगळी डावीकडे कललेली, वाऱ्यात गवत झुकावं तशी.

वर्गात एक अतिशय वाद घालणारी मुलगी आहे, तिला सगळे वकीलबाई म्हणतात. ती टेबलापाशी येऊन हळूच म्हणाली, "बाई, ती मोठ्या बाईंची नात आहे. आईबाबांचं भांडण झालं म्हणून इकडे राहायला आलीय. दाराजवळ आम्ही रोज पाळीने बसतो, पण ती नाही बसणार. पहिल्याच बाकावर बसणार. मोठ्या बाईंनी सांगितलंय."

"का?"

"डोळे," ती म्हणाली, आणि स्वतःचे डोळे फिरवले.

दिवसभर मी त्या पहिल्या बाकाकडे पाहत होते.

२९ ऑगस्ट

घरात शिरले की दादा उठून सलाम ठोकतो. "मॅडम आल्या! खुर्ची द्या रे कोणीतरी!" खुर्ची एकच आहे आणि तिच्यावर तोच बसलेला असतो. मी शिकावं म्हणून त्याने नववीत शाळा सोडली आणि टायरच्या दुकानात लागला. ही गोष्ट तो कधी बोलून दाखवत नाही, म्हणून मलाच सारखी आठवते.

आज आईला सांगितलं की मोठ्या बाई अजून आहेत. आई हाताला मलम चोळत होती. इतकी वर्षं औषधी पाण्यात घालून तिच्या बोटांची कातडी कागदासारखी झाली आहे.

"अजून आहेत? गुडघे दुखत असतील बिचारीचे. तेव्हाच लंगडायच्या."

"आई, तिने मला काय केलं ते विसरलीस?"

"विसरले कुठे? पण ते घेऊन रोज उठायचं का?"

आईला राग येत नाही, हा माझा सगळ्यात जुना राग आहे. दादा म्हणाला, "ए मास्तरीणबाई, तुझ्या नाकावरून कळतंय काहीतरी शिजतंय. नोकरी सांभाळून कर हां."

१९ सप्टेंबर

आजचा दिवस फार चांगला गेला. सामाजिक शास्त्राचा नवा भाग सुरू केला: आपण वेगळे, आपण समान. पुस्तक वाचून दाखवण्याऐवजी वर्गसभा भरवली. दर शुक्रवारी शेवटचा तास. अध्यक्ष पाळीने, प्रत्येकाला बोलायची संधी, मत चिठ्ठीवर, डबा पुठ्ठ्याचा. पहिला ठराव गृहपाठ बंद करण्याचा. तेहेतीस विरुद्ध शून्य. मी म्हटलं, हा ठराव वरच्या सभेकडे पाठवावा लागेल. "वरची सभा म्हणजे कोण?" "मुख्याध्यापक." "मग मेला तो ठराव," असं वकीलबाई म्हणाली आणि मलाही हसू आवरलं नाही.

मग मी विचारलं, "बत्तीस जणांनी ठरवलं की एकाचा डबा रोज आपण खायचा, तर चालेल?"

"मत पडलं तर चालेल की," असं बरेच जण म्हणाले. अर्धा तास वाद झाला. शेवटी वकीलबाईनेच निकाल दिला, "नाही चालणार. कारण डबा त्याचा आहे. आणि भूक पण त्याचीच आहे."

मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: काही गोष्टी बहुमतानेही काढून घेता येत नाहीत. मुलांनी वहीत उतरवून घेतलं.

'आमचं घर' या कागदावर प्रत्येकाने आपल्या घराबद्दल लिहायचं होतं. एकाकडे स्वयंपाक बाबा करतात, एकीची आजी गाडी चालवते, दोघांच्या घरी दोन-दोन भाषा आहेत. नातीने लिहिलं होतं, 'आई एका घरी, बाबा एका घरी आणि मी तिसऱ्या घरी.' तिने ते वाचून दाखवलं. मी पुढच्या मुलाला उभं केलं.

शिक्षक व्हायला मी जन्मले, असं आज वाटलं.

८ ऑक्टोबर

शिक्षकखोलीत सगळ्यांसमोर मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमच्या वर्गाचा आवाज माझ्या खोलीपर्यंत येतो."

"वर्गसभा होती, बाई."

"लोकशाही बोलायला छान असते. वर्गात एकच आवाज हवा. वीस नोव्हेंबरला तपासनीस येणार आहेत, तुमच्या याच पाठाला. तोवर मुलं ताळ्यावर आणा. आणि बसायची व्यवस्था बदलू नका. माझी नात पुढेच राहील."

तिसरीचे सर चहात बघत बसले. चित्रकलेच्या बाई नखं बघत होत्या. म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सगळे चालवून घेतात.

घरी चालत येताना ते एकदम सुचलं, इतकं सरळ की मी रस्त्यातच थांबले. मला काहीच करायचं नाही. मुलंच ठरवतील. चिठ्ठीने, डब्यात, गुप्त मतदानाने. मोठ्या बाई कोणाला जाब विचारणार? तेहेतीस मुलांना? की पाठ्यपुस्तकाला?

३ नोव्हेंबर

आज मुलांना एक गोष्ट सांगितली. एक मुलगी होती, तिची आई इतरांची घाण साफ करायची, म्हणून एका बाईंनी तिला थंडीत दाराजवळ बसवलं. नावं सांगितली नाहीत. वर्ग कोणता तेही नाही. सांगताना आवाज नीट राहिला.

नातीने हात वर केला. ती सहसा करत नाही. "ती किती दिवस बसली?"

"वर्षभर."

"तिच्यासाठी कोणीच उठलं नाही?"

"कोणीच नाही." मग पुढचं बोलले. ते आधी दोनदा घोकून ठेवलं होतं. "आपल्या वर्गातही असा बाक आहे. बहुतेक सगळे तिथे बसलेत. एखादंच कोणी असेल जे कधीच बसलं नाही."

बत्तीस माना पहिल्या बाकाकडे वळल्या. मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं.

५ नोव्हेंबर

आज खास वर्गसभा घेतली. ठराव: पाळी बंद. दाराजवळ कोणी बसायचं ते दर महिन्याला मतदानाने ठरेल, आणि निवडून येईल तो महिनाभर बसेल. मध्ये बदल नाही.

वकीलबाई उठली. "बाई, हे त्या डब्यासारखं नाही का? बत्तीस जणांनी एकाचा खायचा, तसं?"

मी खडू खाली ठेवला. "नाही. डबा एकाचा असतो. बाक सगळ्यांचा आहे."

ती बसली, पण तिचं समाधान झालं नाही. मोठी झाल्यावर चांगली वकील होईल.

चिठ्ठ्या मीच उघडल्या. गुप्त मतदान असं आपण म्हणतो, पण चौथीच्या वर्गशिक्षिकेपासून काहीच गुप्त नसतं. रोज तेहेतीस वह्या तपासते मी. कोणाचा काना मोडका, कोण पेन्सिल दाबून लिहितो, मला झोपेत सांगता येईल. नातीच्या नावाच्या सव्वीस चिठ्ठ्या. चार कोऱ्या, त्यातली एक वकीलबाईची, कारण कागदाची घडी तिच्या पद्धतीची होती. दोन जणांनी आपसातल्या भांडणातून एकमेकांची नावं घातली.

आणि एक चिठ्ठी नातीची. अक्षरं डावीकडे कललेली. तिच्यावर तिने स्वतःचंच नाव लिहिलं होतं.

म्हणजे सत्तावीस. एवढ्याशा वयात केवढा दिखाऊपणा! आपण हरणार हे कळलं की आपणच उठून निघायचं, म्हणजे कोणी घालवलं असं दिसत नाही. आजीची शिकवण, दुसरं काय. ती दप्तर घेऊन मागे गेली, दार लावलं, बसली. दार उघडलं. तिने पुन्हा लावलं.

मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण मला हसू येत होतं.

६ नोव्हेंबर

मोठ्या बाई फेरीवर आल्या. मागच्या दारानेच आल्या, म्हणजे नातीच्या अंगावरूनच. थांबल्या.

"हे काय?"

"वर्गसभेचा ठराव आहे, बाई," असं वकीलबाईच म्हणाली. मला तोंडही उघडावं लागलं नाही. "महिनाभर. मध्ये बदल नाही."

मोठ्या बाईंनी नातीकडे पाहिलं. नात म्हणाली, "मतदान झालं, आजी." शाळेत आजी म्हणायचं नाही असा नियम आहे म्हणे. त्या वळल्या. जाताना दार लावून गेल्या.

चौदा वर्षं मी हे दृश्य मनात पाहत आले होते. खरं दृश्य त्याहून चांगलं होतं.

१४ नोव्हेंबर

थंडी वाढलीय. नातीला मागून फळा दिसत नाही, त्यामुळे गणितं चुकीची उतरवते. आठाचे तीन करते. आज वहीवर मी 'लक्ष दे' असा शेरा मारला. लाल शाईत.

रात्रीच्या जेवणाआधी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती निदान एकदा तरी म्हणेल, बरं झालं. ती भांडी लावायची थांबली.

"तिला स्वेटर आहे का?"

"काय?"

"तुला मी तेव्हा दोन घालून पाठवायचे, एकावर एक. तू म्हणायचीस, लोक हसतात. तिची आई जवळ नाही म्हणालीस ना? मग तिच्या लक्षात कोण ठेवणार?"

मी म्हटलं, "आजी आहे की तिला."

त्यानंतर दादाने एकदाही मला मॅडम म्हटलं नाही. दमला असेल.

२० नोव्हेंबर

तपासनीस आले. गोल चेहऱ्याचे, हसरे गृहस्थ. मोठ्या बाई त्यांच्या शेजारी मागे खुर्चीवर. पाठ छान रंगला. मुलांनी वर्गसभेचे नियम पाठ म्हणून दाखवले, 'आमचं घर'चे कागद भिंतीवर लावले होते ते त्यांनी वाचले. मग त्यांनी स्वतः प्रश्न विचारला, "लोकशाही म्हणजे काय, कोण सांगेल?"

वीस-बावीस हात वर. ते मागे वळले आणि त्यांना सगळ्यात जवळची मुलगी दिसली. "तू सांग बाळ."

नात उभी राहिली. "सगळ्यांनी मिळून ठरवायचं."

"शाब्बास! मग तुम्ही काय ठरवलंत?"

"मी इथे बसायचं."

त्यांना विनोद वाटला. मोठ्याने हसले. वर्ग हसला नाही. दार उघडलं आणि तिने न बघताच हात मागे नेऊन ते लावलं. पंधरा दिवसांत हाताला सवय झाली होती.

मी मोठ्या बाईंकडे पाहिलं. याच क्षणासाठी मी इथे आले होते. त्यांनी गुडघ्यावरचा पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा सोडला.

तपासनीसांनी वहीत लिहिलं, 'कृतीयुक्त अध्यापन, अनुकरणीय.' जिंकले.

२१ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर मोठ्या बाईंनी बोलावलं. टेबलावर काहीच नव्हतं.

"बस," त्या म्हणाल्या. आजवर 'तुम्ही' होतं. आज 'तू'.

"तुझा शेरा कालच पाठवला. चांगला दिलाय. आता जे बोलणार आहे ते त्याच्या बदल्यात नाही, म्हणून आधी सांगितलं."

मी खुर्ची ओढून बसले.

"अर्ज हातात आला तेव्हाच ओळखलं होतं. नावावरून नाही, नाव विसरले होते. अक्षरावरून. चौथीतलं अक्षर पुढे कितीही वळवलं तरी हाडात राहतं. चाळीस वर्षं वह्या तपासल्यात मी."

"मग ओळख का दाखवली नाही?"

"काय म्हणून दाखवायची?" त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "माझी नात क वर्गात होती. तिचं नाव काढून तुझ्या वर्गात घातलं. म्हटलं, हिला माहीत आहे दाराजवळ कसं वाटतं. ही सांभाळेल."

त्यांना रडू आलं असतं तर बरं झालं असतं. नाही आलं. मी म्हटलं, "मतदान मुलांनी केलं."

"मी पण तेव्हा तेच म्हणत असे. मुलंच हसली, मी कुठे हसले." मग म्हणाल्या, "ती गोष्ट तिने घरी येऊन सांगितली. जेवली नाही. मला विचारलं, आजी, त्या बाईंनी असं का केलं असेल? मी म्हटलं, माहीत नाही बाळ. तिला दाराजवळ पाहिलं त्या रात्री म्हणाली, त्या मुलीसाठी कोणी उठलं नाही, म्हणून मी उठले. महिनाभर मीच बसते. म्हणून चिठ्ठीवर स्वतःचं नाव घातलं तिने. तू ओळखलं असशीलच अक्षर."

मी ओळखलं होतं.

"तिला एवढं सांगू नकोस," त्या म्हणाल्या, "त्या बाई कोण ते." पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला. "तिला आता घरात मी एकटीच आहे."

चौदा वर्षं मी हाच आवाज ऐकायला थांबले होते. मी म्हटलं, "बघते," आणि उठून आले.

हो म्हणायला काय झालं होतं मला? इतकं लिहिलं तरी कळत नाहीये. एवढंच कळतंय की 'बघते' म्हणताना बरं वाटलं, आणि जिना उतरेपर्यंत ते संपलं.

२४ नोव्हेंबर

आईने माझा जुना लाल स्वेटर धुऊन, गुंड्या लावून दिला. सकाळी वर्ग भरायच्या आधी मी नातीला म्हटलं, "पुढे ये, तुझ्या जागेवर. पुरे झालं."

"महिना झाला नाही बाई. मध्ये बदल नाही."

"मी सांगतेय ना."

"ठराव आहे." तिच्या आवाजात काहीतरी नवीन होतं. आधी ती बोलताना खाली बघायची.

"बरं, मग हा स्वेटर घाल."

तिने स्वेटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग फळ्याकडे. तिथे मी तारीख आणि सुविचार लिहिला होता. फळ्याकडे ती जरा जास्तच वेळ पाहत राहिली. डोळे बारीक करून, अक्षर न् अक्षर.

"मला थंडी वाजत नाही," असं म्हणाली आणि खणातून वही काढायला खाली वाकली. बराच वेळ वर आली नाही.

आता ती लिहिताना गुणगुणत नाही.

२८ नोव्हेंबर

कायम झाल्याचं पत्र मुदतीआधीच आलं. दादाने दुकानातल्या सगळ्यांना सांगितलं, आई रडली. मी सुताराला निरोप पाठवला, वर्गाच्या दाराची कडी बदलायची आहे. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात.

मधल्या सुट्टीत नात पहिल्यांदाच मुलांच्या घोळक्यात दिसली. बोलत होती आणि बाकीचे ऐकत होते. मला बरं वाटलं. महिनाभर मागे बसून उलट मैत्रीच झाली म्हणायची. माझ्या पद्धतीत काहीतरी चांगलंही असणार.

५ डिसेंबर

महिना संपला. मी सांगणार होते की आता पाळी पुन्हा सुरू करू, मतदान नको, बाईंची चूक झाली. वाक्य तयार होतं. वकीलबाईने अध्यक्षाच्या खुर्चीवरून आधीच घंटा वाजवली.

"ठराव आहे. महिन्याने मतदान. चिठ्ठ्या वाटा."

"मला काही बोलायचं आहे," मी म्हटलं.

"हात वर करा, बाई."

मी हात वर केला. पण माझ्याआधी नातीचा हात वर होता. ती उठली आणि म्हणाली, "नियमात 'जो निवडून येईल तो' असं आहे. 'जो मुलगा' किंवा 'जी मुलगी' असं नाही. मी वहीत बघितलं." वकीलबाईने वही उघडून मान डोलावली. "बरोबर आहे."

चिठ्ठ्या उघडताना पहिल्या तीनपर्यंत मला वाटलं, चेष्टा चाललीय. मग वाटेना. मोडका काना असलेला, पेन्सिल दाबणारा, एकमेकांशी भांडणारे ते दोघे, सगळ्यांचं अक्षर वेगळं आणि शब्द एकच. 'नव्या बाई.' मुलांत माझं नाव तेच. बत्तीस चिठ्ठ्या. वकीलबाईची या वेळीही कोरी. कदाचित तिला अजून तो डबा आठवत असेल.

सगळ्या वर्गात कोणी हसलं नाही. मी चौथीत असते तर मला हे खूप आवडलं असतं.

"सोमवारपासून," नात म्हणाली. "महिनाभर. मध्ये बदल नाही."

८ डिसेंबर

माझं टेबल खांबामुळे मागे मावलं नाही. तेव्हा बाकावरच बसले, गुडघे तिरके करून. जागा कमी पडली म्हणून पहिल्या बाकावर तिघी बसल्या. शिकवायला उठायचं, मग परत येऊन बसायचं. सुतार आला नाही. दार नऊ वेळा उघडलं. "बाई, दार," असं मुलं म्हणत होती, आदराने. मोठ्या बाई बोळातून गेल्या. दाराच्या फटीतून आमची नजरानजर झाली. त्यांनी काही विचारलं नाही. बहुतेक त्यांना घरी कळलं असेल. किंवा त्यांना घरी आता कोणी काही सांगत नसेल. मी कोणालाच काही सांगितलं नव्हतं, ही शपथ मी त्यांच्यासमोर घ्यायला तयार आहे. त्याचा काही उपयोग होणार नाही.

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला. पहिल्या बाकावर नातीचं दप्तर नीट ठेवलेलं होतं. ते पाहता पाहता मला काहीतरी आठवलं, आणि मी वाकून खणात डोकं घातलं. अंधार होता. आधी बोटांनीच वाचलं. माझी ओळ होती तशीच होती, 'बघून' खोल गेलेलं. 'मोठ्या बाई, मी बघून घेईन.'

तिच्या खाली दुसरी ओळ. लाकूड अजून ताजं, पांढरं. भुसा बोटाला लागला. अक्षरं सगळी डावीकडे कललेली.

'नव्या बाई, मी पण.'